मत बदललं ते ठीक, पण नक्की कुठलं मत?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्धची फुटबॉल मॅच संपायला काही मिनिटं उरलेली असताना डिफेंडर हॅरी मग्वायरने हेडर मारला, मँचेस्टर युनायटेड २-१ जिंकली, त्या मैदानावर प्रीमियर लीगमध्ये युनायटेडला २०१६ नंतर पहिल्यांदा जिंकता आलं, आणि तासाभरात फॅन लोकांचं ते ठरलेलं भांडण परत सुरू. एका बाजूला जुने स्क्रीनशॉट उकरून बसलेली मंडळी, की बघा हाच माणूस दोन वर्षांपूर्वी मग्वायरला फुकटात देऊन टाका म्हणत होता आणि आज लेजेंड म्हणतोय, उगवत्या सूर्याला नमस्कार करणारी जात ही. दुसऱ्या बाजूला छाती काढून सांगणारे, की तेव्हा वाईट खेळत होता म्हणून वाईट म्हटलं, आता चांगला खेळतोय म्हणून चांगलं म्हणतो, यात चुकलं काय, उलट आम्ही बोललो म्हणूनच तो सुधारला. मला दोन्हीकडचं पटत नाही. मत बदलणाऱ्याला लाज आणणं हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण मग कोणी मत बदलणारच नाही, जो तो आपला हट्ट धरून मरेपर्यंत बसेल. पण 'तो सुधारला म्हणून मी बदललो' हे जे स्पष्टीकरण दिलं जातं ना, ते बहुतेक वेळा खोटं असतं. या गोष्टींमध्ये खेळाडू फारसा बदललेला नसतो, त्याला दिलेलं काम बदललेलं असतं. आणि आपण तेव्हा जे बोललो होतो ते त्याच्या खेळाबद्दल कमी आणि त्याच्या लायकीबद्दल जास्त होतं. ते मत मागे घ्यायला त्याच्या गोलची वाट कशाला बघायची?

आधी माझंच सांगतो, म्हणजे पुढे कोणी स्क्रीनशॉट काढायला नको. मी आर्सेनलवाला. २७ ऑक्टोबर २०१९, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध घरच्या मैदानावर २-० ने पुढे असताना आमचं २-२ झालं, ६१ व्या मिनिटाला कॅप्टन ग्रानिट झाकाला बाहेर काढलं, तो रमतगमत चालत निघाला, पब्लिकने हुर्यो सुरू केली, त्याने कानाला हात लावून 'अजून जोरात' असं दाखवलं, शर्ट काढला आणि सरळ आत निघून गेला. मी घरी टीव्हीसमोर बसून त्याला जे काही म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. (मराठीत त्याच्या नावाचा जो अर्थ होतो तो सल्ला खरं तर त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी घ्यायला हवा होता. असो.) काही दिवसांत कॅप्टनपद गेलं, आणि माझं मत असं पक्कं झालं की हा माणूस आर्सेनलचा शर्ट घालायच्याच लायकीचा नाही. आता ते वाक्य नीट बघा. 'याचे पास चुकतात' असं मी म्हणत नव्हतो. 'याला मागे वळून धावता येत नाही' असंही नाही. ते म्हटलं असतं तर बरोबरच होतं, कारण झाका खरंच हळू होता, आपल्याच बॉक्ससमोर बॉल घालवायचा, नको तिथे टॅकल मारून पेनल्टी द्यायचा. मी मात्र त्याच्या आतल्या माणसाबद्दल निकाल देऊन मोकळा झालो होतो. आणि गंमत म्हणजे महिनाभर आधीच मॅनेजर एमरीने ड्रेसिंग रूममध्ये मतं घेऊन त्यालाच कॅप्टन केलं होतं. रोज त्याच्याबरोबर प्रॅक्टिस करणाऱ्या पोरांना जे दिसत होतं ते मला स्क्रीनवर दिसत नव्हतं, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की बाबा, त्यांना काय दिसत असेल?

मग पुढे काय झालं. जर्मनीच्या हर्था बर्लिनला तो जवळजवळ गेलाच होता, नवीन आलेला मॅनेजर आर्तेताने थांबवलं. पण 'त्या दिवसापासून तो सुधारला' अशी जी गोष्ट आता सांगतात ती तारखांना धरून नाही. डिसेंबर २०२० मध्ये बर्नलीविरुद्ध समोरच्याचा गळा धरून रेड कार्ड. ऑगस्ट २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीकडून ५-० ने मार खाताना दोन्ही पायांनी उडी मारून रेड कार्ड. जानेवारी २०२२ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध लीग कपच्या सेमीफायनलमध्ये २४ व्या मिनिटाला रेड कार्ड. म्हणजे ज्या स्वभावाला आपण शिव्या घालत होतो तो स्वभाव दोन वर्षं तसाच होता. २०२२-२३ ला आर्तेताने झिंचेंकोला लेफ्ट बॅकवरून आत मिडफील्डमध्ये आणलं, खालची जबाबदारी तो आणि मिडफील्डर पार्टे बघायला लागले, आणि झाकाला डावीकडून वर ढकललं, समोरच्या बॉक्सपर्यंत. लीगमध्ये ७ गोल आले. आता विचार करा, खाली खेळताना त्याचा दहातला एक पास चुकला की सरळ आपल्या गोलवर हल्ला, आणि ती क्लिप आठवडाभर फिरणार. वर खेळताना तसाच एक पास चुकला तर बॉल समोरच्या टीमच्या डिफेंडरकडे, आपले सात जण मागे उभे, कोणाच्या लक्षातसुद्धा राहत नाही. चूक तीच, तिची किंमत बदलली. २८ मे २०२३ ला वुल्व्ह्जविरुद्ध शेवटच्या मॅचमध्ये त्याने दोन गोल मारले आणि ज्या स्टेडियमने हाकललं होतं तेच स्टेडियम त्याला राहा म्हणून गात होतं. मी पण टीव्हीसमोर गात होतो. तो काही राहिला नाही, जर्मनीच्या लेव्हरकूझनला गेला, पहिल्याच सीझनमध्ये एकही मॅच न हरता बुंडेसलीगा जिंकला आणि जर्मन कपच्या फायनलमधला एकमेव गोलही त्याचाच.

एका उदाहरणावरून नियम काढतोय असं वाटत असेल तर जोएलिंटन घ्या. न्यूकॅसलने २०१९ मध्ये तोपर्यंतच्या क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी, ४ कोटी पौंडांच्या आसपासची रक्कम मोजून आणला, ९ नंबरचा शर्ट दिला, आणि त्याने पहिल्या सीझनला लीगमध्ये २ गोल मारले, दुसऱ्याला ४. जगभर जोक झाला त्याचा. ३० नोव्हेंबर २०२१ ला नॉर्विचविरुद्ध नवव्याच मिनिटाला न्यूकॅसलच्या डिफेंडरला रेड कार्ड मिळालं, टीम दहावर आली, आणि मॅनेजर एडी हावने जोएलिंटनला मिडफील्डमध्ये मागे खेचलं. तिथे तो माणूस जो काही धावला, भिडला, बॉल हिसकावले, की परत कधी स्ट्रायकर झालाच नाही. त्याच सीझनला क्लबचा प्लेअर ऑफ द सीझन. नंतर ब्राझीलकडून खेळला. २०२५ ला न्यूकॅसलने लिव्हरपूलला हरवून लीग कप उचलला तेव्हा मिडफील्डमध्ये तो होता. आता मला सांगा, त्या नवव्या मिनिटानंतर जोएलिंटनमध्ये असं काय घुसलं? अंगातली ताकद, चिकाटी, फुफ्फुसं, सगळं आधीपासून त्याच्याकडेच होतं. आपण माशाला झाडावर चढत नाही म्हणून दोन वर्षं हसत होतो आणि कोणीतरी चुकून पाण्यात टाकला.

बेंझेमाचं तर अजून मजेशीर. २०१७-१८ ला लीगमध्ये फक्त ५ गोल, स्वतःच्याच स्टेडियममध्ये शिट्ट्या. रियाल माद्रिदचा नंबर ९ आणि ५ गोल, हे म्हणणं आकड्यांनी चूक नव्हतंच. पण त्याचं काम तेव्हा रोनाल्डोसाठी जागा करून देणं होतं, डिफेंडर खेचून बाजूला नेणं, भिंत होऊन बॉल परत देणं. २०१८ च्या उन्हाळ्यात रोनाल्डो गेला आणि पुढच्याच सीझनला बेंझेमाचे लीगमध्ये २१ गोल, २०२२ ला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर. तीस वर्षांच्या माणसाला एका सुट्टीत गोल मारायला शिकवलं असेल का कोणी?

आता समोरच्यांचं जे खरंच वजनदार आहे ते मान्य करतो, कारण ते टाळून पुढे गेलो तर माझंही भांडण त्याच दर्जाचं होईल. पहिली गोष्ट, काही खेळाडू खरोखर बदलतात. रियालच्याच व्हिनिशियसने २०२०-२१ ला लीगमध्ये ३ गोल मारले आणि पुढच्या सीझनला १७, वय एकवीस, तो समोरासमोर चान्स घालवायचा आणि मग घालवेनासा झाला. तिथे 'तेव्हा फिनिशिंग कच्चं होतं, आता पक्कं झालंय' म्हणणारा शंभर टक्के बरोबर, त्याला कोणाची माफी मागायची गरज नाही. दुसरी गोष्ट, फॅन हा काही न्यायाधीश नाही. तो पैसे टाकून येतो, जीव टाकून बघतो, नव्वद मिनिटं तोलून मापून बोलायचं असेल तर मग घरी पुस्तक वाचलेलं बरं. मॅच चालू असताना तोंडून जे निघतं त्याचा हिशोब मी कोणाकडेच मागत नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. एका झाकामागे असे दहा खेळाडू असतात ज्यांच्याबद्दल फॅन वाईट बोलले आणि ते शेवटपर्यंत वाईटच खेळले आणि गेले. म्हणजे टीका करणारे बहुतेक वेळा बरोबरच ठरतात, तुम्ही निवडून अपवाद सांगताय, असं कोणी म्हणालं तर?

हा तिसरा मुद्दा मला बरेच दिवस बरोबर वाटायचा. मग इटलीचा पाओलो रॉसी आठवला. १९८२ चा वर्ल्ड कप, सट्ट्याच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी भोगून माणूस नुकताच परत आलेला, पहिल्या तिन्ही मॅच इटलीने ड्रॉ केल्या, रॉसीचा गोल शून्य. चौथीत अर्जेंटिनाला हरवलं, तरी रॉसीचा शून्यच. इटलीचे पेपर इतके तुटून पडले होते की टीमने त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. कोच बेअरझोटने कोणाचं न ऐकता त्याला खेळवत ठेवलं, आणि ५ जुलैला ब्राझीलविरुद्ध तीन गोल, सेमीफायनलला पोलंडविरुद्ध दोन, फायनलला पश्चिम जर्मनीविरुद्ध एक. तीन मॅच, सहा गोल, वर्ल्ड कप इटलीचा. समजा बेअरझोटने चौथ्या मॅचनंतर त्याला बाकावर बसवलं असतं, तर? इटली ब्राझीलकडून हरली असती कदाचित, आणि रॉसी हा 'संपलेला माणूस' होता हे मत कायमचं खरं ठरलं असतं. कोणालाही कधीही कळलं नसतं की ते चूक होतं. मुद्दा हा आहे. टीका झालेल्या खेळाडूला बाहेर काढलं की टीकाकार आपोआप बरोबर ठरतो, त्याची परीक्षाच होत नाही. ते जे दहा जण 'वाईटच निघाले' त्यातल्या किती जणांना बेअरझोट मिळाला होता, किती जणांचा नवव्या मिनिटाला योग्य वेळी डिफेंडर बाहेर गेला होता? तुमचं रेकॉर्ड चांगलं दिसतं कारण तुमचे चुकलेले पेपर तपासलेच जात नाहीत. मॅकटॉमिनेच बघा ना, २०२४ ला युनायटेडने सोडला, तोच राहिला असता तर आजही 'ठीक आहे, बदली खेळाडू' असाच असता. नापोलीने घेतला, मैदानात पुढे खेळवला, १२ गोल, इटलीची लीग जिंकली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

हाच नियम 'मी पहिल्यापासून म्हणत होतो' वाल्यांनाही लावायला हवा, कारण ही मंडळी अशा दिवशी फारच मिशा पिळतात. तुम्ही पहिल्यापासून म्हणत होतात, पण काय म्हणत होतात? 'याला पुढे खेळवून बघा' असं म्हणत होतात का, की नुसतं 'आपला माणूस आहे, सपोर्ट करा'? कारण नुसता सपोर्ट तर तुम्ही सगळ्यांनाच करत होतात, ज्यांचं पुढे काहीच झालं नाही त्यांनाही. त्यात पारख कुठे आली? बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं.

आता 'आम्ही बोललो म्हणून सुधारला' याकडे येतो, कारण हे मला सगळ्यात जास्त खटकतं. यासाठी नेहमी बेकहॅमचं उदाहरण देतात. १९९८ ला सेंट-एतिएनमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध सिमिओनेला लाथ मारल्याबद्दल रेड कार्ड, इंग्लंड पेनल्टीवर बाहेर, एका पबबाहेर बेकहॅमचा पुतळा फासावर लटकवला. आणि ६ ऑक्टोबर २००१ ला ग्रीसविरुद्ध शेवटच्या क्षणी फ्री किकवर २-२, इंग्लंड वर्ल्ड कपला. बघा, शिव्या खाऊन पोरगं घडलं! पण मधली तीन वर्षं गाळायची का? तो ज्या क्लबला, म्हणजे मँचेस्टर युनायटेडला, परतला तिथला मॅनेजर त्याच्या पाठीशी होता, ओल्ड ट्रॅफर्डचं पब्लिक त्याच्या पाठीशी होतं, बाकी देश हुर्यो करत असताना घरच्या मैदानावर टाळ्या मिळत होत्या, आणि एका वर्षात तीन ट्रॉफ्या आल्या. तो तगला तो त्या टाळ्यांवर. शिव्यांचं श्रेय शिव्या देणाऱ्यांनी घ्यायचं म्हणजे पुरातून पोहून बाहेर आलेल्याकडे पुराने पोहणं शिकवल्याची फी मागण्यासारखं आहे. झाकाने २०१९ मध्ये जे निवेदन काढलं त्यात लिहिलं होतं की लोक बायकोला मारून टाका, मुलीला कॅन्सर व्हावा असलं काही बोलत होते. मुलगी तेव्हा तान्ही होती. यातून त्याचं कुठलं स्किल सुधारलं म्हणायचं?

आणि जे पुरातून बाहेर येत नाहीत त्यांचं काय? १६ जुलै १९५०, मराकाना, उरुग्वेविरुद्ध वर्ल्ड कप जिंकायला ब्राझीलला नुसता ड्रॉ पुरेसा होता. गोलकीपर मोआसिर बार्बोसा, तेव्हाच्या जगातल्या उत्तम कीपरपैकी एक. उरुग्वेचा पहिला गोल गिज्जाने उजवीकडून आत दिलेल्या पासवर झाला होता. ७९ व्या मिनिटाला तोच गिज्जा तिथूनच परत आला, बार्बोसाला वाटलं हा पुन्हा आत देणार, म्हणून तो पोस्टपासून जरा सरकला, आणि गिज्जाने सरळ त्या फटीतून मारला. कुठल्याही कीपरने केला असता असा अंदाज होता तो, अर्ध्या पावलाचा. त्या अर्ध्या पावलासाठी त्याला मरेपर्यंत माफी मिळाली नाही. एप्रिल २००० मध्ये गेला तो, आणि जायच्या आधी म्हणायचा की ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची आहे, मी पन्नास वर्षं भोगतोय. दोष ज्या तिघांवर ढकलला ते तिघंही, बार्बोसा, बिगोडे आणि जुव्हेनाल, कृष्णवर्णीय होते, हा योगायोग होता असं आज फारसं कोणी म्हणत नाही. आज बार्बोसाबद्दल सहानुभूतीने लिहिलं जातं. म्हणजे मत बदललं. पण ते बदलायला नवीन पुरावा कुठला आला? तो काही परत मैदानात उतरला नाही, फायनल वाचवून दाखवली नाही. सगळे पुरावे १९५० लाच समोर होते. म्हणूनच मी म्हणतोय की लायकीबद्दलचं मत बदलायला खेळाडूने काही करून दाखवायची गरज नसते, आपणच जरा थांबून बघायचं असतं. बार्बोसाला ती फ्री किक, तो १२१ व्या मिनिटाचा हेडर कधी मिळालाच नाही, म्हणून त्याचा अपराध खरा होता का?

१२१ वं मिनिट म्हटलं कारण परत मग्वायरवर यायचंय. ८ कोटी पौंडांचा डिफेंडर, मार्च २०२२ ला वेम्बलीवर स्वतःच्याच देशाच्या फॅननी हुर्यो केली, २०२३ ला युनायटेडचा मॅनेजर टेन हागने कॅप्टनपद काढलं. टीका खोटी नव्हती. मैदानाच्या मध्यावर डिफेन्सची लाइन लावून खेळवायचं आणि मागे पन्नास यार्ड मोकळं सोडायचं, तर मग्वायर वळेपर्यंत समोरचा गोल मारून सेलिब्रेट करायला लागायचा. पण बॉक्समध्ये हवेतला बॉल हा त्याचा तेव्हाही सगळ्यांपेक्षा भारी होता. एप्रिल २०२५ ला युरोपा लीगमध्ये लिऑनविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२ ने मागे असताना तेव्हाचा मॅनेजर अमोरिमने त्याला चक्क स्ट्रायकर म्हणून पुढे पाठवला आणि त्याने १२१ व्या मिनिटाला डोक्याने ५-४ केलं. त्या सीझनला युनायटेड लीगमध्ये पंधरावी आली आणि ती स्पर्धासुद्धा फायनलला हरली, पण ते असू दे. वळायला त्याला आजही तेवढाच वेळ लागतो. फक्त आता ते आपल्याला गोड वाटतं.

आणि या सगळ्या प्रकारात मत कसं बदलावं हे मला एका घानाच्या खासदाराने दाखवलं, हे मी थट्टेत म्हणत नाहीये. आयझॅक अदोंगो नावाच्या या गृहस्थांनी २०२२ च्या शेवटी संसदेत बजेटवर बोलताना उपराष्ट्राध्यक्षांच्या अर्थकारणाची तुलना मग्वायरशी केली होती, की स्वतःच्याच गोलवर हल्ला करणारा डिफेंडर. व्हिडिओ जगभर फिरला, आम्ही सगळे पोट धरून हसलो. वर्षभराने, मग्वायर लीगचा प्लेअर ऑफ द मंथ झाला त्याच महिन्यात, अदोंगो त्याच संसदेत उभे राहिले आणि मग्वायरची नाव घेऊन माफी मागितली. तो सावरला, आमचा मग्वायर काही सावरला नाही, असा टोला जाता जाता हाणलाच, राजकारणी माणूस शेवटी. पण जिथे बोलले तिथेच, जे बोलले होते त्याची आठवण करून देऊन माफी. मग्वायरनेही माफी स्वीकारली म्हणून कळवलं.

मी काल रात्री माझ्या झाकाबद्दलच्या जुन्या पोस्ट शोधल्या. सतरा निघाल्या. चार ठीक आहेत, त्या पासबद्दल आणि पेनल्टीबद्दल आहेत, त्यांना मी हात लावणार नाही. उरलेल्या तेरा तशाच ठेवतोय, डिलीट केल्या तर मजाच गेली. फक्त एकेकीखाली जाऊन लिहायला बसलोय की तेव्हा नक्की काय चुकलं होतं. तिसरीवर अडकलोय, कारण ती वाचून अजूनही थोडं हसू येतंय.